पान बदललं म्हणून बटणं का बदलावीत?

डोंबिवली स्टेशनवरचा कुठलाही इंडिकेटर बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी, पुन्हा मराठी... गाडी कुठली, स्लो की फास्ट, हे आळीपाळीने तीन भाषांत दिसत राहतं. आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत दोन-चार सेकंद थांबायचं, की झालं. प्रवाशांसाठी सोय उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही.

आता अशी कल्पना करा की मोटरमनच्या पुढ्यातल्या बटणांवरची अक्षरंही अशीच बदलतायत. इंडिकेटरवर हिंदी आलं की ब्रेकवर हिंदी, इंग्रजी आलं की ब्रेकवर इंग्रजी. बसाल त्या गाडीत? मी तर शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून पडायला तयार होईन, पण त्या गाडीत नाही बसणार :-)

हसू नका. बहुभाषी वेबसाइटची पानं बदलण्याचं काम करणारी कितीतरी माणसं नेमक्या अशाच गाडीत बसून गाडी हाकतायत. इंग्रजी पान उघडलं की एडिटरची बटणं इंग्रजी, मराठी पान उघडलं की तीच बटणं मराठी. सेव्हचं 'जतन करा' होतं, ड्राफ्टचं 'मसुदा' होतं, प्रिव्ह्यूचं 'पूर्वावलोकन' होतं. पान बदललं, मजकूर बदलला, हे ठीक. पण खुर्चीत बसलेला माणूस तर तोच आहे ना?

माझं म्हणणं एवढंच आहे: एडिटरच्या इंटरफेसची भाषा एकच असावी, ती पान बदललं म्हणून बदलू नये, आणि ती कुठली असावी हे त्या खुर्चीतल्या माणसाने ठरवावं. पानाने नाही, साइटच्या मालकाने नाही, आणि आमच्यासारख्या प्रोग्रामरनी तर अजिबात नाही.

ऐकायला किती साधं वाटतं! आयटीतली मंडळी म्हणतील, यावर काय लेख लिहायचा, एक सेटिंग तर आहे. म्हणूनच आधी एक अनुभव सांगतो.

डोंबिवली पूर्वेला एक जुनं वाचनालय आहे. नाव सांगत नाही, एडिटर पुरवणाऱ्या कंपनीचंही नाही. वाचनालयाची वेबसाइट दोन भाषांत आहे. मराठी तर हवीच. इंग्रजी यासाठी की निम्मी बालसभासद मंडळी इंग्रजी माध्यमातली, आणि त्यांच्या आयांना 'वर्गणीचे दर' इंग्रजीत वाचायला सोपे पडतात. (यावर नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. सभासद टिकले तर वाचनालय टिकेल.) साइटवरची पानं बदलायला दोघं जण. एक वाचनालयाच्या ग्रंथपाल काकू. साठीच्या आसपास, शिक्षण मराठी माध्यमातून, हजारो पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते तोंडपाठ. दुसरा कॉलेजात शिकणारा एक मुलगा. घरी मराठी अस्खलित, पण वाचन सगळं इंग्रजीतून.

एडिटर त्या नव्या पद्धतीचा, म्हणजे पानावरच क्लिक करायचं आणि तिथल्या तिथे मजकूर बदलायचा. दिसायला झकास. आणि पानाची भाषा बदलली की एडिटरची भाषाही बदलणार. कंपनीच्या मते हे वैशिष्ट्य!

काकू मराठी पानं छान सांभाळायच्या. गणपतीच्या सुट्टीची सूचना त्यांनी मराठी पानावर टाकली, मग तीच इंग्रजी पानावर टाकायला गेल्या. इंग्रजी मजकूर आधीच कुणाकडून तरी तपासून घेतला होता, त्यात त्यांना अडचण नव्हती. अडचण आली ती शेवटी. एक चौकट उघडली, इंग्रजीत. अर्थ असा: न साठवलेले बदल टाकून द्यायचे का? खाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. आता तुम्हीच सांगा, ज्याला हे बदल हवे आहेत त्याने काय दाबायचं? मराठीत ती चौकट नीट होती: 'बदल टाकून द्या' आणि 'परत जा'. काकूंना ती सवयीची होती. इंग्रजीत त्यांनी ओके दाबलं, कारण ओके म्हणजे 'ठीक आहे, होऊ दे'. सुट्टीची सूचना गेलीच, सोबत नव्या पुस्तकांची जी यादी त्यांनी त्याच बैठकीत इंग्रजी पानावर चढवली होती तीही गेली. दोन तासांचं काम.

इकडे कॉलेजवाल्या मुलाची उलटी तऱ्हा. तो इंग्रजी पानं फटाफट करायचा आणि मराठी पानावर गेला की मला फोन. "दादा, मसुदा म्हणजे काय रे? आणि हे पुनरावृत्त्या?" मी म्हटलं, "ड्राफ्ट आणि रिव्हिजन्स." तो म्हणाला, "मग तसं लिहायचं ना!" आता याला काय उत्तर देणार? त्याला मराठी येत नाही असं नाही. वपु त्याने ऐकलेत (वाचले नाहीत, ऐकलेत). पण कॉम्प्युटरवरची मराठी ही वेगळीच बोली आहे आणि ती त्याला कुणी शिकवलेली नाही.

गंमत बघा. एकाच सॉफ्टवेअरने दोन साक्षर माणसांना आलटून पालटून निरक्षर केलं. काकूंना इंग्रजी पानावर, पोराला मराठी पानावर. दोघांना आपापल्या भाषेतली बटणं दोन्ही पानांवर मिळाली असती तर हा प्रश्नच आला नसता. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की हे असंच अपेक्षित आहे, भाषा बदलल्यावर सगळंच बदलतं.

यापुढे जे झालं ते मला जास्त लागलं. काकूंनी इंग्रजी पानांना हात लावणं सोडलं. मग हळूहळू मराठीही. एके दिवशी व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. सूचना छान सुबक अक्षरात टाइप करून, भोवती महिरप काढून तिचा फोटो, आणि खाली: "बाळा, एवढं साइटवर टाक ना." मी म्हटलं, "काकू, तुम्हीच टाका की, तुम्हाला येतं." त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, परत काहीतरी उडायचं."

तेव्हापासून वाचनालयाच्या सूचना चित्रांत येतात. चित्रातला मजकूर शोधयंत्राला नीट सापडत नाही, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, मोबाइलवर मोठा केला की फुटतो, आणि तारीख बदलली की अख्खं चित्र नवं करावं लागतं. मराठीत हे दुखणं किती पसरलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्याही मंडळाची, संस्थेची, शाळेची साइट उघडा, निम्मी मराठी ही जेपीजी नाहीतर स्कॅन केलेली पीडीएफ असते. आपण म्हणतो मराठी लोक नेटवर लिहीत नाहीत. लिहितात हो! पण लिहून त्याचा फोटो काढतात. यामागे जुने फाँट आहेत, सवयी आहेत, पण 'एडिटरमध्ये गेलं की काहीतरी उडतं' ही भीतीसुद्धा आहे, आणि ती भीती आम्ही, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी, निर्माण केलेली आहे.

आता हे होतं कसं ते थोडक्यात. ज्यांना तांत्रिक भागात रस नाही त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल.

एकभाषी जगात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याला भाषेसाठी एकच चल पुरतं: 'चालू भाषा'. ते इंग्रजी असेल तर सगळं इंग्रजी, जर्मन असेल तर सगळं जर्मन. मग कुणीतरी बहुभाषी साइटची सोय वर चढवतो. ती काय करते, तर पानाच्या पत्त्यात 'एमआर' दिसलं की चालू भाषा मराठी करते, 'ईएन' दिसलं की इंग्रजी. वाचकासाठी बरोबर! पण एडिटरही त्याच पानावर, त्याच विनंतीत, तेच चल वाचून काढला जातो. म्हणजे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, 'हा मजकूर कुठल्या भाषेतला?' आणि 'हा माणूस कुठल्या भाषेतला?', आणि उत्तर ठेवायला डबा एकच. मग जो शेवटी डब्यात हात घालेल त्याची भाषा.

हा घोळ लहानसहान साइट बनवणाऱ्यांनीच घातला असं समजू नका. वर्डप्रेस २००३ सालापासून आहे. पण त्यात साइटची भाषा तीच व्यवस्थापनाची भाषा, हे थेट डिसेंबर २०१६पर्यंत चालू होतं. ४.७ ही आवृत्ती आली तेव्हा कुठे प्रत्येक सदस्याला आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतःपुरती भाषा निवडता यायला लागली. म्हणजे तेरा वर्षं! मधल्या काळात बहुभाषी प्लगइनवाल्यांनी आपापली ठिगळं लावली होती, पण मूळ सॉफ्टवेअरला 'माणूस' आणि 'साइट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला तेरा वर्षं लागली. आणि तरी प्रकरण मिटलं नाहीच. डिसेंबर २०१८मध्ये ५.० बरोबर ब्लॉक एडिटर आला. हा एडिटर सर्व्हरशी मागच्या दाराने बोलतो आणि त्या दाराला ही व्यवस्थापनाची खोली आहे की बाहेरचा रस्ता हे कळत नाही. म्हणजे पडद्यावर मराठी बटणं आणि सर्व्हरकडून येणारी चूक मात्र साइटच्या भाषेत. शेवटी उपाय असा निघाला की एडिटरने प्रत्येक विनंतीला एक चिठ्ठी जोडायची: 'भाषा माणसाची वापर.' अक्षरशः एवढंच. एका ओळीची चिठ्ठी, पण ती जोडायचं कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

ड्रुपलने हे लवकर ओळखलं होतं. नोव्हेंबर २०१५मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत तर मजकुराची भाषा वेगळी, इंटरफेसची वेगळी, आणि वर व्यवस्थापनाच्या पानांसाठी सदस्याची वेगळी पसंती, अशी नीट मांडणी आहे. जूमलामध्येही पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्या भाषा पूर्वीपासून वेगळ्या ठेवता येतात. तेव्हा 'हे अवघड आहे' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो विकिपीडियाचा प्रकार. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. (तारीख कुणी मुद्दाम निवडली असावी, महाराष्ट्र दिन!) ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर तो चालतो, त्यात प्रत्येक सदस्याला आपल्या पसंतीक्रमात इंटरफेसची भाषा निवडता येते. २०१८पासून तर ही पसंती एकदाच सांगून सगळ्या विकींवर लागू करता येते. म्हणजे तुम्ही मराठी निवडलीत की गुजराती विकिपीडियावर जा, कन्नडवर जा, बटणं मराठी. करून बघा: उर्दू विकिपीडियावर मराठी इंटरफेस लावून एखादं पान संपादनासाठी उघडा. मजकूर उजवीकडून डावीकडे, कारण तो उर्दू. आणि भोवतालची बटणं, सूचना, सगळं डावीकडून उजवीकडे, कारण ते तुमचं. दोन भाषा, दोन दिशा, एकाच पडद्यावर, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. उर्दू वाचता न येणारा माणूसही तिथे जाऊन एखादं चित्र दुरुस्त करू शकतो, चुकीचा आकडा बदलू शकतो, आणि आपण कुठलं बटण दाबतोय हे त्याला ठाऊक असतं. याला म्हणतात सोय!

इथे दोन बाजूंनी आवाज येणार, मला माहीत आहे. दोन्ही बाजूंची मंडळी ओळखीची आहेत.

पहिली बाजू आमच्या ऑफिसातली. "एकच भाषा ना? मग इंग्रजी ठेव. सगळ्यांना सेव्ह कळतं, पब्लिश कळतं, कशाला ते जतन नि बितन!" हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी आहे, आणि सेव्हपुरता खराही आहे. पण काकूंची चौकट आठवा. घात 'सेव्ह' या शब्दाने केला नाही, घात केला एका आख्ख्या इंग्रजी वाक्याने, ज्यात 'टाकून द्यायचे का' असा प्रश्न होता. बटणावरचे पाच-सहा शब्द कुणीही पाठ करतो. कठीण प्रसंगी येणारी वाक्यं पाठ करता येत नाहीत, ती वाचून समजावी लागतात, तीही घाईत आणि घाबरलेल्या अवस्थेत. त्या वेळी माणसाला आपलीच भाषा हवी. शिवाय 'सगळ्यांना कळतं' म्हणजे नक्की कुणाला? तुमच्या फ्लोअरवरच्या सगळ्यांना. सोसायटीचे सेक्रेटरी, वाचनालयाच्या काकू, नाट्यमंडळाचे खजिनदार, झेडपीच्या शाळेतले गुरुजी, ही माणसं त्या 'सगळ्यांत' नसतात. आणि मराठी मजकूर पुरवणारी माणसं तर हीच आहेत.

दुसरी बाजू अभिमानवाल्यांची. "साइट मराठी, तर आत-बाहेर सगळं मराठीच पाहिजे, सगळ्यांना, सक्तीने." यांच्याबद्दल मला मनातून आपुलकी आहे, पण पटत नाही. तो कॉलेजवाला मुलगा मराठी वाचनालयाचं काम फुकट करतोय. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत वाढलेली मुलं घ्या. ती आजीशी मराठीत बोलतात, गणपतीचं आमंत्रण मराठी पानावर चिकटवतात, पण 'पूर्वावलोकन' वाचायला त्यांना अर्धा मिनिट लागतं. त्यांना इंग्रजी बटणं देऊन मराठी पान हातात दिलं, तर नुकसान कुणाचं? वाचकाला तर मराठीच दिसणार! सक्ती केली तर एक मदतनीस कमी होणार, एवढंच. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला, त्यात सरकारी कार्यालयांतल्या संगणकांच्या कळफलकावर रोमनबरोबर देवनागरी अक्षरंही असावीत असं म्हटलंय. चांगलं आहे. आणि त्यातली गोम लक्षात घ्या: रोमन'बरोबर', रोमनऐवजी नव्हे. कळफलकाला जे लागू तेच पडद्याला लागू करावं.

अभिमानवाल्यांना आणखी एक सांगायचंय. मराठी इंटरफेस लोकांनी वापरावा असं वाटत असेल तर तो वापरण्याजोगा करा, लादू नका. आणि आपल्याला ते जमलेलं आहे. मायबोलीवर 'विचारपूस' होती, तिची लोकांनी 'विपू' केली. मनोगत, मिसळपाववर 'व्यक्तिगत निरोप' होता, त्याचा 'व्यनि' झाला, आणि 'तुला व्यनि केलाय बघ' हे वाक्य माणसं चहाच्या टपरीवर बोलायला लागली. इंटरफेसमधला शब्द बोलण्यात उतरतो तेव्हा तो खरा रुजला. मराठी विकिपीडियावर नवशिक्याने सराव करायच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. वाळूचा खड्डा वगैरे काही नाही, धूळपाटी. पूर्वी पोरं जिच्यावर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, पुसायची, पुन्हा गिरवायची, ती. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला 'चावडी'. हे भाषांतर नाही, हे सुचलेलं आहे. याउलट 'पूर्वावलोकन' बघा. मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकलेला नाही. 'झलक' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि अर्धवट भाषांतर तर सगळ्यात वाईट. ज्या वाक्यांचं मराठी झालेलं नाही ती मुकाट इंग्रजीत दिसतात. मेनू मराठी, आणि धोक्याची चौकट इंग्रजी! कारण भाषांतर करणारे स्वयंसेवक आधी वरवर दिसणारे शब्द करतात, कधीतरीच दिसणाऱ्या चौकटी मागे राहतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी धोक्याच्या सूचना मराठीत करा, मेनू नंतर झाला तरी चालेल. एकाच पडद्यावर देवनागरीत हिंदीही मिसळली की मग विचारूच नका. हिंदीत 'मिटाएँ' म्हणजे खोडून टाका. मराठी माणूस 'मिटा' वाचून काय करेल? पुस्तक मिटतात तसं पान मिटायचं असेल म्हणून बिनधास्त दाबेल! आणि मग पान खरंच गेलेलं असेल.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा एक मुद्दा मांडतो, कारण तो खरा आहे आणि मला तो पुरता निकालात काढता आलेला नाही. बटणांची भाषा पानाबरोबर बदलते तेव्हा निदान एक खूण मिळते: आपण आता इंग्रजी पानावर आहोत. एडिटर कायम मराठी ठेवला की ती खूण जाते. काकू मराठी बटणं बघून निर्धास्त होतील आणि इंग्रजी पानावर मराठी मजकूर चिकटवून मोकळ्या होतील. मजकुराच्या भाषाही देवनागरीतच असतील तर आणखी गोंधळ. गोव्यातल्या एखाद्या संस्थेची साइट कोकणी आणि मराठी अशी दोन्हींत असेल तर रिकाम्या पानाकडे बघून हे कुठल्या भाषेचं ते कोण सांगेल?

म्हणून बटणं स्थिर ठेवायची तर पानाची भाषा वेगळी, ठसठशीत दाखवलीच पाहिजे. वर एक जाड रंगीत पट्टी, मराठीला एक रंग, इंग्रजीला दुसरा, आणि तिच्यावर माणसाच्या भाषेत पूर्ण वाक्य: 'तुम्ही इंग्रजी पान बदलत आहात.' कोपऱ्यात झेंडा नको. (मराठीचा झेंडा कुठला लावणार? इंग्रजीला ब्रिटनचा लावतात, मराठीला तिरंगा लावला तर हिंदीला काय?) आणि प्रकाशित करायच्या बटणावरही तेच: नुसतं 'प्रकाशित करा' नको, 'इंग्रजी पान प्रकाशित करा' असं हवं. बटण थोडं लांब होईल. होऊ दे.

डिझाइनरांशी या लांबीवरून माझं नेहमी भांडण होतं. मराठी शब्द लांब, वर वेलांट्या नि खाली उकार, त्यामुळे उंचीही जास्त. इंग्रजी 'सेव्ह'साठी कापलेल्या चौकोनात 'बदल जतन करा' कोंबायचं, मग टिंबं टिंबं. बटणं पानागणिक बदलत असतील तर प्रत्येक बटणाची रुंदी बदलते, शेजारचं सरकतं, आणि हाताला लागलेली सवय फुकट. काकू वाचून काम करत नव्हत्या, जागा बघून करत होत्या, 'उजवीकडचं निळं'. आपणही तेच करतो, फक्त कबूल करत नाही.

तांत्रिक मंडळींसाठी आणखी एक, सहसा सुटणारी गोष्ट. एडिटर पानावरच तरंगत असेल तर एडिटरच्या डब्याला त्याची भाषा लावा आणि मजकुराला मजकुराची. एचटीएमएलमध्ये भाषेची खूण असते ती शोभेची नाही. ती चुकली तर स्क्रीन रीडर मराठी बटणं इंग्रजी उच्चारांनी वाचतो, ऐकून बघा एकदा, हसावं की रडावं कळत नाही. शिवाय काही चांगल्या देवनागरी फाँटांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, आणि ती खूण 'मराठी' असली तरच उमटतात. पानभर इंग्रजीची किंवा हिंदीची खूण लागली की आपला पाकळीचा ल जातो आणि हिंदी वळणाचा ल येतो. शंभरातल्या नव्वद जणांना फरक कळणार नाही. पण ग्रंथपाल काकूंना कळला होता. "हे अक्षर आपल्यासारखं नाही दिसत रे," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि मी बघितलं तर खूण चुकलेली.

उलट गळतीही होते, तिच्याकडेही लक्ष ठेवा. मराठी बटणं लावून कुणी इंग्रजी पान साठवलं, की आपोआप घातले जाणारे तुकडे, 'पुढे वाचा', तारखेतला महिना वगैरे, मराठीतच त्या इंग्रजी पानात जाऊन बसतात. कारण तेच, डबा एक. साठवताना पानाची भाषा, दाखवताना माणसाची, हे दोन्हीकडे पाळावं लागतं.

हे लिहिता लिहिता ईमेलचं आठवलं. साइटवर कुणी अभिप्राय दिला की संपादकाला मेल येते. ती कुठल्या भाषेत यावी? अभिप्राय देणाऱ्याच्या, पानाच्या, की संपादकाच्या? वर्डप्रेसने ४.७मध्येच अशा वेळी तात्पुरती भाषा बदलून घ्यायची सोय केली, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्याच्या भाषेत न जाता घेणाऱ्याच्या भाषेत जावा. पण एकच मेल काकूंना आणि त्या मुलाला दोघांना जाते तेव्हा काय करायचं? दोन मेल पाठवायच्या की एकीतच दोन्ही भाषा? मी सध्या दोन पाठवतोय. सर्व्हरवाला कुरकुर करतो.

बाकी तुमच्या ओळखीच्या कुठल्या मंडळाची, सोसायटीची, शाळेची दुभाषी साइट असेल तर या शनिवारी एक करा. ती सांभाळणाऱ्या माणसाच्या शेजारी दहा मिनिटं बसा, काही शिकवू नका, नुसतं बघा. दुसऱ्या भाषेचं पान उघडल्यावर त्यांचा माउस कुठे थबकतो ते दिसेल. मग त्यांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन भाषेचं सेटिंग शोधा. असलं तर त्यांनाच विचारून लावून द्या. नसलं तर कंपनीला मेल टाका, मला सीसी करा, मी पण एक टाकतो.